मागच्या दाढेची कड

नानांच्या बायकोच्या एका पडलेल्या दाढेवरून बापलेकीची जुंपली होती, आणि बायकोला मनातून त्याची मजा वाटत होती. नानांचा जन्म कवळ्या आणि दात घडवण्यात गेलेला, लेक दातांची डॉक्टर. आईच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट, म्हणजे नव्या दाताचं मूळ, लेकच बसवणार होती. तिचं या प्रकारचं हे पहिलंच काम. दातांवर बसवून ड्रिलला हाडात नेमकी वाट दाखवणारं गाइड कुणी करायचं, एवढाच काय तो वाद.

लेकीने आईच्या हाडाचा आणि दातांचा स्कॅन घेतला, कॉम्प्युटरवर जागा ठरवली आणि गाइड थ्री-डी प्रिंटरला लावून दिलं. "यात हाडाच्या आतलं दिसतं, बाबा."

"आणि आम्ही काय इतकी वर्षं डोळे मिटून कामं केली?" म्हणत नानांनी पुढच्याच आठवड्यात बायकोला जेवणाच्या टेबलाशी बसवून माप घेतलं. प्लास्टरचा जबडा ओतला, त्यावर प्लास्टिकची पट्टी तापवून दाबली आणि तिला भोक पाडलं. लेक हसून म्हणाली, "आणा तेही."

ठरल्या दिवशी बायको दवाखान्याच्या खुर्चीत आडवी झाली. भूल देण्याआधी लेकीने आपलं गाइड तिच्या दातांवर बसवून पाहिलं. मागच्या बाजूला ते डुगडुगलं. काढून पुन्हा बसवलं, तरी तेच. तिचा चेहरा उतरला. मग तिने नानांचं गाइड उचललं. ते असं घट्ट बसलं की हलायचं नाव घेईना.

नानांची छाती फुगली. खोटं कशाला बोला, चांगली फुगली.

"माझा स्कॅनच चुकलाय," लेक हळूच म्हणाली. "आता त्यावरून ठरवलेल्या कशाचाच भरवसा नाही. बाबा, तुमचंच वापरते."

नानांना तेव्हा आठवलं. स्कॅन झाल्यावर बायको जेवताना कुरकुरत होती, मागच्या दाढेची वरची कड जिभेला टोचते म्हणून. तिच्या जिभेवरचा ओरखडा त्यांना बघवेना. लेकीला फोन करायचा सोडून त्यांनी आपलं घासायचं मशीन काढलं, बायकोला खिडकीपाशी बसवलं, 'आ कर' म्हणाले आणि कड गुळगुळीत करून टाकली. जन्मभर हेच तर केलं होतं. माप घेतलं ते त्यानंतर. म्हणून त्यांचं बसत होतं आणि लेकीचं डुगडुगत होतं.

गप्प बसले असते तर जिंकलेच होते. बायको खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होती. तोंडात पट्टी होती म्हणून तिला बोलता येत नव्हतं, आणि येत असतं तरी नवऱ्याला तिने उघडं पाडलं नसतं.

"तुझा स्कॅन बरोबर आहे, बाळा," नाना म्हणाले. "मागची दाढ मी घासली. स्कॅननंतर. टोचत होती तिला."

लेक भडकली. "बाबा! माणसाच्या तोंडात मशीन घालायचं नाही, किती वेळा सांगितलंय तुम्हाला?"

रागारागातच तिने पडद्यावर आईच्या जबड्याचं चित्र उघडलं आणि नानांचं गाइड त्यावर ताडून बघायला त्याच्या भोकाचा कल धरून एक रेघ ओढली. वरून भरदार दिसणारं हाड खाली आत वळलेलं होतं. रेघ हाड सोडून जिभेच्या बाजूला बाहेर पडली.

"इथे रक्तवाहिनी असते," लेक म्हणाली. "ड्रिल थेट तिच्यात गेलं असतं."

नाना स्टुलावर मटकन बसले. "हिला काही झालं असतं तर मी काय केलं असतं गं?" ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

लेकीचा राग तिथेच विरला. तिने त्यांचं डोकं जवळ घेतलं. "मीही तेच वापरायला निघाले होते, बाबा. तुम्ही बोललात म्हणून वाचलो सगळे. आज नवा स्कॅन घेते, गाइड पुन्हा करू."

बायकोने तोंडातली पट्टी स्वतःच काढली. "तुमचं रडून झालं असेल तर घे बाई स्कॅन. आणि अहो, तुम्ही इकडे या, माझा हात धरा. तेवढं तरी चालतं ना गं त्यांना?"

"चालतं," डोळे पुसत लेक म्हणाली. "पण फक्त हात."