दम घेणारी मशीन

पुंजाजीनं पंचवीस वर्षं कापसाच्या जिनिंगातला लोखंड कातायचा लेथ धोतर नेसूनच चालवला होता. इतक्या वर्षांत धोतराचा सोगा एकदाही मशीनीत गेला नाही, याचा त्याला दहाही बोटं शाबूत असल्यापेक्षा जास्त अभिमान होता. त्यामुळे वाशीमच्या सहकारी वर्कशॉपात देवमननं ‘धोतर, लुगडं, उपरणं घालून मशीनीजवळ येऊ नये’ अशी पाटी लावली, तेव्हा ती कोणासाठी लावली हे त्याला विचारावं लागलं नाही.

वर्कशॉप दहा-बारा कारागिरांचं सामाईक, पुंजाजी आणि देवमन त्यांतलेच. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी पुण्याकडच्या एका बंद कारखान्याच्या लिलावातून लोखंडाला भोकं पाडायची मशीन आणली. तिला दांडा नव्हता, चाक नव्हतं. शेजारी एक लोखंडी कपाट होतं, त्यात म्हणे कम्पुटर. त्या कपाटाला भोकाभोकांची कागदी पट्टी चारली की मशीन आपल्या मनानं चालायची. देवमन आयटीआय शिकलेला, पुण्यात अशाच मशीनीवर दोन वर्षं काढलेला. तेव्हा मशीन त्याच्या ताब्यात आली आणि पुंजाजीच्या पोटात दुखायला लागलं.

“पुंजाजीबुवा, लेथ तुमच्या हातात राहते,” देवमन सांगायचा. “इचं तसं नाई. ते पट्टीचं ऐकते, आपलं नाई.”

“तुह्या जल्माच्या आधीपासून मशीना पाहून राह्यलो मी,” पुंजाजी म्हणायचा.

एका सोमवारी जऊळक्याचे इंद्रभानजी पंपाचं झाकण घेऊन आले. पन्नास एकरांचे मालक, स्वभावानं उतावीळ. झाकणाला सहा भोकं पाडायची होती. देवमननं झाकण घट्ट आवळलं, पट्टी लावली, बटण दाबलं आणि पाहुण्यांना लांबच्या बाकावर बसवलं. मशीननं तीन भोकं पाडली, बरमा वर उचलला आणि गप्प उभी राहिली.

“झालं काय?” इंद्रभानजींनी विचारलं.

“इसरली,” पुंजाजी आनंदानं म्हणाला. “तीनच पाडले. मी म्हणतच होतो.” आणि चूक दाखवायला तो मशीनीवर वाकला.

“मांगं सरा,” देवमन कपाटापासून ओरडला. “थांबली नाई ते, दम घेऊन राह्यली. बरमा थंडा होऊ द्या लागते.”

पण मशीनीचा दम घेऊन झाला होता. झाकण आवळलेला खालचा पाट सर्रकन सरकला, बरमा फिरला आणि खाली येता येता त्यानं सोगा धरला. पुंजाजीनं दोन्ही हातांनी मशीनीच्या खांबाला मिठी मारली. एका क्षणात कमरेची गाठ सुटली आणि सगळं धोतर भिंगरीसारखं बरम्यावर गुंडाळलं गेलं. देवमननं लाल बटणावर थापड मारली तेव्हा बरमा मोडून पडला होता, आणि पुंजाजी पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर खांबाला चिकटून उभा होता.

नेमकी तेव्हाच त्याची बायको, गोजराबाई, डबा घेऊन दारात आली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग मशीनीकडे. डबा खाली ठेवला, जवळ जाऊन त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बोटं मोजली. पुन्हा एकदा मोजली.

“गाठ सैल मारता म्हून रोज बोलतो मी तुमाले,” ती म्हणाली. “आता नाई बोलत.” आणि मटकन खाली बसली.

हसू फुटत आलेले कारागीर तिच्याकडे पाहून हसले नाहीत. देवमननं पुंजाजीला पाणी दिलं, आपली जुनी खाकी पँट दिली. ती घालून तो घरी गेला आणि दोन दिवस वर्कशॉपात फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी तो शिंप्याकडून आला, आयुष्यातली पहिली स्वतःची पँट घालून. बटणं लावायला त्याला अंघोळीपेक्षा जास्त वेळ लागायचा. आल्या आल्या त्यानं मशीनीभोवती गेरूची जाड रेघ ओढली आणि देवमनला म्हणाला, “पट्टी तू सांभाळ. माणसं मी सांभाळतो.”

पुढच्या आठवड्यात इंद्रभानजी नवं झाकण घेऊन आले. मागच्या वेळचा प्रकार पाहिलेला असल्यामुळे ते आपल्या पोराची पँट घालून आले होते. ती घोट्याच्या चार बोटं वर होती. तरीही पुंजाजीनं त्यांना रेघेवर अडवलं.

“उपरणं काढा.”

“अरे, पँट घातली न मी.”

“ते मशीन पट्टी वाचते, इंद्रभानजी. सातबारा नाई वाचत.”

इंद्रभानजींनी उपरणं काढून खिळ्याला टांगलं. मशीननं सहाही भोकं बिनबोभाट पाडली. झाकण पिशवीत घालून ते गाडी गाठायला स्टेशनाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवरून उपरणं न्यायला परत आले. पुंजाजीनं ते रेघेच्या बाहेरच त्यांच्या हातात दिलं.