साठीच्या आतला इसरू

धानोऱ्यापुढच्या, जंगलखात्याने वसवलेल्या त्या गावात कोणी परका आला की सोनीबाई आधी त्याचे पाय बघायची. वहाण झिजलेली असली तर व्यापारी, चकचकीत असली तर सरकार. सत्तावन सालच्या दिवाळीनंतर आलेल्या गुणवंतरावांच्या पायांत तर मोजेही होते. मग काय विचारता! हा माणूस काहीतरी न्यायला आलाय, हे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

गुणवंतराव गोंडपिपरीचे, हेडमास्तरकीतून निवृत्त झालेले. सरकारने म्हाताऱ्या माणसांसाठी एक सल्लागार मंडळ नेमलं होतं, त्याचे ते सभासद. गावोगाव हिंडून साठीपुढची माणसं किती, त्यांचं कसं चाललंय हे विचारायचं आणि त्यांच्यासाठी काय करावं ते सरकारला कळवायचं, हे त्यांचं काम. त्यांनी ते मोहाच्या झाडाखाली बसून नीट समजावूनही सांगितलं. गावाने ऐकून घेतलं आणि एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. सरकारने आजवर झाडं मोजली, गुरं मोजली, आणि मोजणी झाली की गावाचं काहीतरी कमीच झालं होतं.

आता म्हातारे मोजून काय करणार, हे सोनीबाईला पक्कं ठाऊक होतं. गावातली एकही बांधी, म्हणजे धानाचं शेत, कोणाच्या मालकीची नव्हती. जो खात्याचं काम करील त्याने खात्याची जमीन कसायची, अशी अट. काम थांबलं की बांधी गेली. तिचा नवरा इसरू सत्तरीला टेकलेला, मुलगा नाही, दोघी मुली कुरखेड्याकडे नांदायला गेलेल्या. बांधी गेली तर दोघांनी खायचं काय?

"म्हातारा लिवला का बांधी गेली," ती शेजारच्या सोमारीच्या कानात बोलली. सोमारीने ते पोचूला सांगितलं, आणि दुपारच्या आत सगळं गाव तरणं झालं. पत्रूने काठी गवतात लपवली. दात पडलेला कोलू तोंड मिटून बसला.

इसरू मात्र भोळा. त्याला मास्तर आवडले होते. तेही गुडघे धरून, कण्हत खाली बसले होते, तेव्हा यानेच त्यांना हात दिला होता.

"इसरूभाऊ, वय किती तुमचं?"

"कोनाले ठाऊक जी."

मास्तर कच्चे नव्हते. असल्या माणसाचं वय कसं काढायचं ते त्यांना माहीत होतं. संवत छप्पनचा मोठा दुष्काळ पडून अठ्ठावन्न वर्षं झाली होती; तो आठवणारा माणूस साठीपुढचाच. "छप्पनचा दुष्काळ आठवते का तुम्हाले?"

इसरूचा चेहरा उजळला. "आठवते ना! मी तवा गुरं..."

"बापानं सांगतलं त्याले," सोनीबाईने मध्येच तोडलं. "हा तं पैदाच नवता झाला. पन्नासचा बी नाई."

इसरूने तिच्याकडे पाहिलं. तिने असे डोळे वटारले की त्याने मान खाली घातली. "बाई म्हनते तसंच," तो म्हणाला.

"बाई, मी जमीन न्याले नाई आलो," मास्तर हळूच म्हणाले. "तुमच्यासाठी सरकारसंग भांडाले आलो."

सोनीबाईला हसू आलं. सरकारनेच नेमलेला माणूस सरकारशी भांडणार म्हणे! मास्तरांनी उसासा टाकून कागदावर लिहिलं, इसरू पन्नाशीच्या आत, गावात साठीपुढे कोणी नाही. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःच्या हुशारीवर खूश होती.

वर्ष उलटलं. थंडीत नाकेदार, म्हणजे जंगलाचा शिपाई, हुकूम घेऊन आला. मंडळाच्या सल्ल्यावरून साठीपुढच्या माणसाला खात्याचं काम माफ झालं होतं, आणि बांधी त्याच्याकडेच राहणार होती.

"पन तुमच्या गावात कोनी म्हातारा नाई," कागद घडी करत तो म्हणाला.

हा फास तर नसेल, अशी शंका तेव्हाही सोनीबाईच्या मनात आलीच. पण नाकेदार निघायला लागला तशी ती पुढे धावली. "साहेब, माहा मानूस सत्तरचा हाये!"

"मागच्या साली पन्नासचा, औंदा सत्तरचा? तवा खोटं बोलली का आता?"

नाकेदाराने कागद खिशात घातला आणि तो चालू लागला. वणवा पसरू नये म्हणून जंगलात झुडपं तोडून मोकळी पट्टी काढायची होती, आणि पन्नाशीच्या आतल्या गड्याला जेवढी वाट्याला येई तेवढी सबंध इसरूला मिळाली. तो कुऱ्हाड घेऊन निघाला.

संध्याकाळी परतला तेव्हा त्याचे हात इतके कापत होते की पेजेचा कटोरा तोंडापर्यंत जाईना. अर्धी पेज छातीवर सांडली. सोनीबाईने पदराने त्याची छाती पुसली, कटोरा स्वतःच्या हातात घेतला आणि त्याच्या ओठांना लावला. तिला स्वतःची इतकी चीड आली होती की डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"आता काऊन रडतं?" तो दोन घोट घेऊन म्हणाला. मग उरलेली पेज संपवली.

"पुन्हा कोनी इचाराले आलं," तो म्हणाला, "तं मले बोलू देजो."