गाऱ्हाण्याला गेलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी माणग्याची काठी आहे. माणगा म्हणजे आमच्या कोकणातला बांबू. कर्ली खाडीच्या काठावर राहणाऱ्या गंगारामांनी मला घरामागच्या माणग्याच्या बेटातून तोडलं आणि कीड लागू नये म्हणून कित्येक दिवस खाडीच्या चिखलात पुरून ठेवलं. तेव्हा मला रडू आलं होतं. पण चिखलाशी माझी ओळख झाली ती तिथेच.

ओहोटी लागली की गंगाराम पाहुण्यांना कांदळवनातून फिरवून आणत. पुढे मी, मागे ते, त्यांच्या मागे पाहुणे. मला चिखलात टोचायचं, मी कुठवर आत जाते ते बघायचं आणि मगच पाऊल टाकायचं. पाहुणे खंड्याचे फोटो काढत, कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे काढत. माझा फोटो कधी कुणी काढला नाही. असो.

पुढे गंगारामांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांची सून दीपिका पाहुण्यांना नेऊ लागली. कुणीतरी तिला ॲल्युमिनियमची, घडी होणारी काठी भेट दिली. झालं! माझी रवानगी पडवीत झाली. माझ्यावर कपडे वाळू लागले, संध्याकाळी एक कोंबडी येऊन बसू लागली. मला फार वाईट वाटे.

एक रिवाज मात्र गंगारामांनी सोडला नव्हता. पाहुणे खाडीत उतरण्याआधी ते गाऱ्हाणं घालत. म्हणजे खाडी सांभाळणाऱ्या देवाला, राखणदाराला, मोठ्याने विनवायचं आणि बाकीच्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ द्यायची. एके दिवशी त्यांचे पाय जास्तच दुखत होते, म्हणून मला टेकत ते काठावर आले.

“बा राखणदारा महाराजा, ही तुझी लेकरां तुझ्या खाडयेत चलली आसत. तेंका सांभाळ रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

पाहुण्यांना ते इतकं आवडलं की प्रत्येकजण आपलं मागणं पुढे करू लागला. कुणाला नोकरी हवी होती, कुणाच्या मुलाचं लग्न जमायचं होतं. गंगारामही खुलले, एकेकासाठी वेगळं गाऱ्हाणं घालू लागले.

दीपिकाचं लक्ष ओहोटीच्या पाण्याकडे होतं. “बाबांनू, आटपा आता. पाणी फिरतला!”

“देवाच्या कामात घाई नको गो!”

व्हायचं तेच झालं. गंगाराम आणि मी काठावरच थांबलो होतो. मंडळी कांदळवनातून परतत होती तेव्हाच भरती सुरू झाली. त्यातच कोल्हापूरच्या राधाबाई पाणमांजराची पावलं बघायला वाट सोडून बाजूला गेल्या आणि गुडघ्यापर्यंत रुतल्या.

“अगं, माझा पायच निघत नाही!” त्या घाबरून ओरडल्या.

दीपिकाने नवी काठी त्यांच्या हातात दिली. राधाबाईंनी भार टाकताच ती मुठीपर्यंत चिखलात गेली. मुळांमधून पाणी पुढे सरकत होतं. दीपिकाने हाक मारली, “बाबांनू, बेगीन येवा!”

गुडघे विसरून गंगाराम मला घेऊन आले. “हलू नकात बाईनू! दीपिका, काठी उभी नको. आडवी घाल, आडवी!”

मित्रांनो, जन्मभर मी उभी राहून काम केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा चिखलावर आडवी पडले. राधाबाईंनी माझ्यावर छाती टेकली. मी वाकले, करकरले. आता मोडते की काय, याचीच भीती वाटत होती. मी मोडले असते तर त्या तोंडावरच पडल्या असत्या. दीपिकाने हळूहळू त्यांचा एक पाय मोकळा केला, मग दुसरा.

काठावर पोचल्यावर राधाबाई रडता रडता हसल्या. “माझी चप्पल आतच राहिली हो!”

“रवांदे ती राखणदाराक,” गंगाराम म्हणाले आणि धपकन खाली बसले. दीपिकाने मोठा सुस्कारा सोडला. मला तर इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

त्या दिवसापासून निघताना गाऱ्हाणं अगदी छोटं असतं. लांबलचक गाऱ्हाणं सगळे सुखरूप परतल्यावर. दीपिका आता मलाच घेऊन जाते आणि घरी आल्यावर मला धुऊन, पुसून, सावलीत उभी करते. मित्रांनो, तुमच्या पडवीतही माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला एकदा पुसून ठेवा. एवढंच मागणं.

माझ्यासाठी तर गंगाराम रोज मागतात. अगदी शेवटी, माझ्यावर हात ठेवून.

“आणि ह्या म्हाताऱ्या काठयेक बरी ठेव रे महाराजा!”

सगळे पाहुणे एका सुरात म्हणतात, “व्हय महाराजा!”