लवंगेच्या वासाचे शेंगदाणे

गोदामाचं दार उघडताच लवंगेचा असा भपकारा आला की धाकटीला शिंकांवर शिंका आल्या. दादा मात्र पोत्यांच्या थप्पीला टेकून हसत उभा.

"बघ, एक तरी डाग दिसतोय का? तुझ्या तेलानं बुरशीचा पार नायनाट केला!"

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. ती धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लवंगेचं तेल तिनंच दादाला दिलं होतं, आणि बजावलंही होतं की चांगल्या, कोरड्या मालासाठीच वापर, म्हणजे बुरशी धरणार नाही. या शहाण्यानं काय करावं? छप्पर गळून हिरवट पडलेले शेंगदाणे पुसले, वाळवले आणि तेलानं माखून ठेवले.

"दादा, बुरशी मेली असेल. पण तिनं दाण्यात सोडलेलं विष तसंच आहे. ते तेलानं जात नाही, भाजूनही जात नाही!"

"अगं पण वास बघ ना, काय मस्त येतोय!"

"वास काय चाटायचाय? लिव्हर नासतं त्या विषानं!"

"तुझं आपलं लहानपणापासून हेच. माझ्या प्रत्येक कामात खोट."

या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. तिनं दात-ओठ खात विचारलं, "विकलेस का कुणाला?"

"छे! आधी घरचं माणूस. सगळ्यात जास्त वासाची पिशवी सकाळीच आईला पाठवली."

आई! कावीळ होऊन मरता मरता वाचलेली, आता कुठे चार घास खायला लागलेली आई.  धाकटीनं तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"आई, शेंगदाणे खाल्लेस?"

"एक तोंडात टाकला आणि थुंकला," आई करवादली. "दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटलं बाई! पण दादाला सांगू नकोस हं, हिरमुसेल. एवढ्या मायेनं पाठवलेत. आत्ताच गॅसवर ठेवलेत, भाजून खाईन सगळे."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं फोन हिसकावला.

"गॅस बंद कर आई! सगळे कचऱ्यात टाक! नाही हिरमुसत मी!"

फोन ठेवून तो थप्पीकडे बघत राहिला. हंगामाचा सगळा माल होता तो. मग त्यानं वरचं पोतं खाली ओढलं.

"बघतेस काय नुसती?" तो धाकटीवर खेकसला. "दुसरं टोक धर. खड्ड्यात टाकायचंय."