शनिवारचा पाऊस

"ताई, हात लावू नको, आठवडाभर जात न्हाई," जोशुआ खालून म्हणाला.

जेनिफर पाटोळे स्टुलावर उभी राहून पाऊस मोजायच्या यंत्राच्या पत्र्यावर ब्रशने पूड फासत होती. बाहेरच्या बाजूनेच, बेताने. पूड कोरडी होती तोवर हिरवट-काळी, धुळीत मिसळून जाणारी. पाण्याचा थेंब लागला की जांभळी. जोशुआ तिचा मावसभाऊ, जनावरांच्या दवाखान्यात कामाला. बैलाच्या जखमेवर लावायचं ते औषध. बैल बरा होतो, पण लावणाऱ्याचे हात पुढच्या बाजारापर्यंत जांभळेच राहतात.

"नाव न्हाई घ्यायचं, आळ न्हाई घ्यायचा," जेनिफर खाली उतरत म्हणाली. "हातच बोलतील."

"आणि काकासाहेबाचे बोलले तर?"

"तर मंगळवारी छत्रीवर शिक्के," ती म्हणाली, आणि शाळेतल्या पोरीसारखी हसली. छत्री तिची निशाणी. दोन-अडीच महिने ज्या गावावर ढगाची सावली पडली नव्हती, त्या गावात छत्री घेऊन मतं मागायला काळीज लागतं. ते तिच्याकडं पहिल्यापासून होतं.

पुण्यात वीस वर्षं हवामानाचा अभ्यास केलेली बाई जामखेडच्या बाजूच्या एका कोरड्या गावात सरपंचकीला उभी राहते, हेच लोकांना आधी गमतीचं वाटलं होतं. मग तिने चौकात हिशोब मांडला. सलग एकवीस दिवस पाऊस नाही, तर पीकविम्याची भरपाई. गावात सत्तर दिवस थेंब नव्हता. पण विम्याचा हिशोब ज्याच्यावर, ते तिनेच गावात बसवलेलं यंत्र म्हणत होतं, दर शनिवारी सकाळी दहाला पाऊस पडतो. चांगला पंधरा मिलिमीटर. रविवारी नाही, सोमवारी नाही. फक्त शनिवारी, निरभ्र आभाळातून, दीड फुटाच्या जागेत.

"असला पाऊस मी जन्मात पाहिला न्हाई," ती माईकवर म्हणाली होती. "ढगाला वार कळायला लागला का? का कुणी बादलीनं पाडतंय? यंत्राच्या शेजारी नळ कुणाच्या घराचा हाय, तेवढं बघा."

नळ काकासाहेबाचा होता. काकासाहेब म्हणजे गेल्या दोन वेळचा सरपंच. त्या दिवसापासून गाव छत्रीकडं झुकायला लागलं.

शनिवारी उमेदवारांना तहसिलात बोलावणं होतं, म्हणून पहारा ठेवणं जमणार नव्हतं. म्हणून ही पूड. शनिवारी संध्याकाळी चारला जेनिफर परतली. आधी यंत्राकडं गेली. पत्रा धुऊन लख्ख, ओट्यावर जांभळं थारोळं. ती तशीच चौकात गेली, टेम्पोवर चढली.

"आज सकाळी पुन्हा पाऊस पडला!" ती ओरडली. "आणि पाडणाऱ्याचे हात आत्ता जांभळे हायेत. साबणानं जायचे न्हाईत. ज्याचे जांभळे, तो या गावाचा चोर. मग तो कुणी का असंना!"

समोरच्या पारावर काकासाहेब बसला होता. तो सावकाश उठला, दोन्ही हात वर केले. स्वच्छ.

"हवामानवाल्या बाई, आणि कुणाचे दाखवू?" त्याने मागं बघितलं. त्याच्या पस्तीस माणसांनी हात वर केले. सगळे स्वच्छ. लोक हसले. जेनिफरही हसली, पण टेम्पोवरून लगेच उतरली.

रात्री ती घरी आली तेव्हा आई झोपली होती.

रविवारी चर्चमध्ये आई पहिल्या बाकावर बसलेली. पांढरं इस्तरीचं लुगडं, चष्मा, मांडीवर गीतांचं पुस्तक. जेनिफर शेजारी जाऊन बसली आणि पुस्तकाकडं बघतच राहिली. पुस्तक धरलेले हात मनगटापर्यंत जांभळे होते.

गाणं चालू होतं.

उपासना संपल्यावर चिंचेखाली तिने आईला गाठलं.

"आई. हे काय?"

"तेच म्हणते मी." मरियमबाईंनी हात उलटेसुलटे केले. "राखेनं घासलं, लिंबानं घासलं. तुझ्या मशिनीला कसला रोग लागलाय का?"

"तू धुतेस? दर शनिवारी?"

"मग? रविवारच्या आधी घर धुते, भांडी धुते, तुझी मशीन तेवढी घाण ठेवू? तूच म्हणलीस, बसवताना. आई, धूळ बसली का हे चुकीचं दाखवतं, लक्ष ठेव. तीन वर्षं एक शनिवार चुकवला न्हाई मी."

जेनिफर चिंचेच्या बुंध्याला टेकली. लक्ष ठेवायचं म्हणजे कोरड्या फडक्यानं पुसायचं, हे तिने सांगितलं नव्हतं. सगळ्या जगाला हवामान समजावलं, आईला सांगायचं राहिलं.

जोशुआ तिथंच होता. "ताई, दोन दिवसांचा प्रश्न. मावशीला आजारी पाडू, घरात ठेवू. बुधवारनंतर बघू."

"आणि विमा?"

"विम्याचं काय?"

"यंत्रात पावसाऐवजी बादलीचं पाणी पडलं, हे पाणी घालणाऱ्यानंच लिहून दिलं पाहिजे. दुसरा पुरावा न्हाई आपल्याकडं. हात लपवले का गावाचे एकवीस दिवसपण लपले."

"लोक तुला मत देणार न्हाईत."

"न देवोत."

मरियमबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. "म्हणजे... लोकांचा विमा माझ्यामुळं...?"

मग जेनिफरची नजर आईच्या उजव्या खांद्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी निखळलेला खांदा. तो हात कानाच्या वर जात नव्हता, वेणीसुद्धा शेजारीण घालून द्यायची.

"आई, भरली बादली वर कशी उचललीस गं?"

मरियमबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला. पुसलेलाच परत पुसला.

"कागद आण," त्या म्हणाल्या. "सही करते. मला येती सही."

संध्याकाळी शेवटची सभा. जेनिफर टेम्पोवर चढली आणि आईला हात देऊन वर घेतलं. माईक तोंडाशी धरला.

"काल मी म्हणलं, जांभळ्या हाताचा तो चोर. मग तो कुणी का असंना. हे हात माझ्या आईचे."

काकासाहेबाच्या बाजूने शिट्टी, मग हसण्याचा लोंढा.

"हसा!" जेनिफरने आवाज चढवला. "काकासाहेब, तुमच्यावर खोटा संशय घेतला, माफी मागते. आईनं माझं ऐकून यंत्र धुतलं, म्हणजे चूक माझीच. हा आईच्या सहीचा कागद. बुधवारी साहेबलोक निवडणुकीतून मोकळे झाले का हा कागद नगरला विम्याच्या हपिसात जाणार. मी निवडून येवो न येवो, कागद जाणारच. मत द्यायचं तर खरं बोलणारीला द्या. न्हाईतर नका देऊ. पण एकवीस दिवस मी सोडत न्हाई!"

मरियमबाई शेजारी उभ्या होत्या. हात त्यांनी पदराखाली घेतले नाहीत.

मंगळवारी शाळेत मतदान. दारात एका अंगाला जेनिफर, दुसऱ्या अंगाला काकासाहेब, दोघंही हात जोडून. मरियमबाईंची पाळी आली. शाई लावायला बसलेल्या मास्तरीणबाईंनी त्यांचं बोट धरलं आणि गोंधळून पाहिलं.

"आजी, शाई लावू कुठं?"

"नख मोकळं हाय बघा जरा."

रांग हसली. काकासाहेब सगळ्यात मोठ्यानं हसला. "लावा की, आजींनी दहा मतं दिल्यात!"

पुढची पाळी त्याच्या आईची होती. बनुबाई. वाकलेली, हिरव्या लुगड्याची, दोन्ही हात पदराखाली घट्ट. मास्तरीणबाई म्हणाल्या, "आजी, डावा हात."

बनुबाई तशीच उभी राहिली. तिने मरियमबाईंकडं पाहिलं. मरियमबाईंनी बारीक मान हलवली, नको म्हणून.

बनुबाईनं पदर बाजूला केला. दोन्ही हात बाहेर काढून टेबलावर ठेवले. कोपरापर्यंत जांभळे.

रांगेतलं हसू जागच्या जागी थांबलं. काकासाहेबाचे जोडलेले हात तसेच जोडलेले राहिले.

"अशा का बघताय मास्तरीण?" बनुबाई म्हणाली. "तिचा खांदा मोडका. बादली कुणीतरी उचलायला नको? नळ आमचा, मशीन तिच्या लेकीची. दोघींचं मिळून चाललेलं." मग ती दाराकडं वळली. लेकाकडं नाही, जेनिफरकडं.

"पोरी, त्या कागदाच्या खाली थोडी जागा हाय का? मला सही येत न्हाई. पण अंगठ्याला वेगळी शाई लागायची न्हाई आता."