माझ्यातला रिकामा शेजारी

मी तांब्याच्या संयुगाचा एक स्फटिक बोलतोय. मिऱ्याएवढा, तसाच काळा. आकारावर जाऊ नका. माझ्यात काही बिऱ्हाडं रिकामी आहेत, आणि तिथे कोणीतरी वावरतं.

आमच्यात तांब्याचे अणू रांगेनं बसतात. प्रत्येक जण जणू इवलासा चुंबक. रीत अशी, की शेजाऱ्यानं वर तोंड केलं तर आपण खाली करायचं. कोण वर आणि कोण खाली, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. जुन्या नवराबायकोसारखा विरोध तेवढा पक्का. कडाक्याच्या थंडीत मात्र सगळी वस्ती शिस्तीत येते.

मी आलो नाही.

मला घडवलं प्रयोगशाळेतल्या बाईंनी. इथला दंडक कडक आहे: ज्याचा खल त्यानंच वापरायचा. बाईंनी माझी पूड नवऱ्याच्या खलात घोटली. ते इथेच जस्तावर काम करायचे. मागच्या वर्षी गेले. खल आम्लानं धुवायला हवा होता. बाईंचा हात धजला नाही. नुसता पुसून घेतला.

भट्टीत ते जस्त तांब्याच्या जागी येऊन बसलं. त्याला ना वर तोंड, ना खाली. शेजारी हाक मारतो, ओ येत नाही. रांग तिथेच तुटते. निरोप पलीकडे जात नाही.

थंडीतली माझी मापं बघून प्रयोगशाळेचे सर हरखले. "बाई, लॉटरी लागली! असली बेशिस्त कुणी पाहिली नसेल, मोठा शोध आहे हा."

"भेसळ असली तर?"

"तुमच्या हातची? तुम्ही चहातली साखरसुद्धा तराजूवर घेता!"

बाई हसल्या नाहीत. "खल ह्यांचा होता."

सर हळूच म्हणाले, "खात्री करायची तर अख्खा विरघळवावा लागेल. जस्त निघालं तर शोधही गेला आणि स्फटिकही. नाही बघितलं, तर कोण विचारतंय?"

"मी विचारते ना. रोज."

बाईंनी मला तळहातावर घेतलं. "इथेही तुम्हीच आडवे आलात," त्या पुटपुटल्या, माझ्याशी नव्हे.

आता मी आम्लाच्या काठावर आहे. माझं तांबं निळं होऊन उतरेल, सगळ्यांना दिसेल. जस्ताला रंग नसतो. बाईंना कुणीतरी सांगा, त्या निळ्या पाण्यात तुमच्या ह्यांना शोधत बसू नका. जस्ताचा आकडा येईल तेव्हा येईल. तोवर जरा बाहेर उजेडात फिरून या.