काणी मासोळी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बबडीचा उजवा डोळा झाकला आणि भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर वाचायला सांगितलं. माझी सात वर्षांची लेक, एरवी तोंडाची टकळी बंद नसते, एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "कुठलं अक्षर?"

डॉक्टरीणबाईंनी विजेरी मारून तिचा डावा डोळा तपासला.

"डोळा ठणठणीत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण त्याचा नंबर फार मोठा. चित्र धूसर येतं, म्हणून मेंदूने त्याचं ऐकणंच सोडून दिलंय. चष्मा देते. आणि चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावायची, म्हणजे मेंदूला या डोळ्याकडे वळावं लागेल. वय कोवळं आहे, शिकेल बहुतेक. आधी आणलं असतंत तर 'बहुतेक' म्हणायची वेळ आली नसती." मग सहज विचारलं, "तुम्ही काय करता?"

"नोकरी," मी म्हटलं. पुढचं सांगायची लाज वाटली.

नोकरी अशी, की आमच्या प्रयोगशाळेत गुहेतले आंधळे मासे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून डोळेच गेलेले, गुलाबीसर पांढरे. त्यांच्या अंड्यातल्या एवढ्याशा पिल्लात मी नदीतल्या डोळस माशाचं भिंग बसवते, एकाच बाजूला. बहुतेक पिल्लं मरतात. एक मासोळी जगली आणि तिच्या उजव्या बाजूला त्या भिंगाभोवती चांगला डोळा वाढला. तिला दिसतं का, हे बघायला तिच्या भांड्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं पिंप फिरवायचं. दिसत असेल तर मासा पट्ट्यांमागे जातो. ती गेली! ज्या मेंदूला उजेड ठाऊक नव्हता, त्याने डोळा मिळताच कामाला सुरुवात केली. मी आनंदाने सगळा मजला डोक्यावर घेतला. तिचं नाव ठेवलं काणी. मीच ठेवलं, मोठ्या हौसेने.

बबडी शाळा सुटली की माझ्याकडे यायची आणि काणीच्या टाकीपुढे ठाण मांडायची. मान डावीकडे वळवून, उजवा डोळा काचेला चिकटवून. काणीही तशीच, उजवी कूस काचेकडे करून. "अरे बघा, आमची बया नक्कल करतेय!" म्हणून मी सगळ्यांना हाका मारल्या, फोटो काढला. आमच्या साहेबांनी तो भाषणात दाखवला, लोक खो खो हसले आणि मी फुशारले. दुसऱ्या कुठल्याही आईने ती मान बघून डॉक्टर गाठला असता. मला मात्र लेकीच्या जागी मासा दिसला.

पट्टी घरात आली आणि रोज रणकंदन सुरू झालं. ती पट्टी उपटून काढायची, मी ओरडायचे, ती दाराला धडकायची, मी आणखी ओरडायचे.

"जरा दमाने घे," तिचा बाबा शेवटी म्हणाला. "तुला स्वतःचा राग आलाय आणि बोलणी ती खातेय."

मला झोंबलं, कारण खरं होतं.

शनिवारी तिला पट्टी-चष्म्यासकट प्रयोगशाळेत घेऊन गेले. बाकी कोणी नव्हतं. ती सवयीने टाकीपुढे बसली. मान सरळ.

"दिसतेय का गं?"

"पांढरं काहीतरी हलतंय." तिने चष्मा नाकावर वर सरकवला. "आई, मी पण काणी का?"

मी तिला जवळ ओढलं. "नाही गं राणी. ते नाव वाईट आहे. आईचं चुकलं."

"फोटोत मी मान वळवलीये ना, ती नक्कल नव्हती," ती माझ्या कुशीतून म्हणाली. "तसं केलं की नीट दिसायचं. पण तू हसलीस, मग मला वाटलं मी काहीतरी छान करतेय. म्हणून जास्तच करायचे."

तिने मला रोज दाखवलं होतं, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

काहीतरी करायला हवं म्हणून उठले. पिंपाच्या आतला पट्ट्यांचा कागद काढून बाहेरून चिकटवला, ते तिच्यासमोर ठेवलं आणि हळूहळू फिरवायला लागले.

"नुसतं राखाडी आहे," ती कुरकुरली.

"असू दे. बघत राहा."

मी पट्ट्यांकडे नाही, तिच्या डाव्या डोळ्याकडे बघत होते. तो सरकला, झटक्याने मागे आला, पुन्हा सरकला. तिच्या नकळत पट्ट्यांमागे जात होता.

"काणीला दिसतं का, हे तू रोज बघायचीस?" तिने विचारलं.

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी पण?"

"हो."

"मग आता माझं बघशील?"

मी मान हलवली, पण तेवढं तिला दिसलं नसणार. म्हणून मोठ्याने "हो" म्हटलं आणि पिंप फिरवत राहिले.